अमेरिकेंतील वार्धक्यवेतन व अपंगवेतन : पैसा कोणीं द्यावयाचा ?

गेल्या मार्गशीर्षांत माझा एक भाचा अमेरिकेंतून तीन आठवड्यांच्या रजेवर गांवीं आला होता. तिकडे एका कंपनींत तो संगणकाचें काम करतो. एके दिवशीं दुपारीं त्यानें आपलें पगारपत्रक मजपुढें ठेवलें व म्हणाला, "मामा, तुम्हीं सारा जन्म कचेरींत जमाखर्च पाहिलात. ही शेंकडा ६.२ ची कपात दर पगारांतून होते. ती जाते कोठें, आणि मला परत मिळेल काय ?"

मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. वाचून कळवितों, असें सांगून मीं त्याची बोळवण केली. पुढें पांचसहा महिने त्या विषयावरचे अहवाल जमतील तसे वाचले व इंग्रजींत जेथें अडलें तेथें गांवच्या शाळेंतील इंग्रजीच्या गुरुजींकडून उलगडून घेतलें. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहें. आपल्या मासिकांत खतें, बियाणें, पिकांवरील रोग यांची चर्चा असावयाची. तेथें हा विषय कशास, असें कोणी विचारील. परंतु म्हातारपण व हातपाय निकामी होणें हीं दोन संकटें शेतकऱ्याच्या घरीं येतात तेव्हां त्यास निवृत्तिवेतनाचा आधार नसतो. अमेरिकेंतील शेतकऱ्यास तो सन १९५५ पासून आहे. शिवाय आपल्यांपैकीं किती तरी जणांचीं मुलें आज त्या देशांत असून त्यांच्या पगारांतून हीच कपात होत आहे.

या योजनेचा जन्म मंदींतून झाला. सन १९२९ सालीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, त्यामागून हजारों पेढ्या बुडाल्या आणि म्हाताऱ्या माणसांनीं जन्मभर सांठविलेली पुंजी नाहींशी झाली. अशा वेळीं कॅलिफोर्नियांतील फ्रान्सिस टाउनसेंड नांवाच्या एका वृद्ध डॉक्टरानें अशी सूचना मांडली कीं, साठ वर्षांवरील प्रत्येकास सरकारनें दरमहा २०० डॉलर द्यावे. मात्र घेणाऱ्यानें नोकरी सोडावी व ती रक्कम महिन्याच्या आंत खर्च करून टाकावी. देवघेवीच्या व्यवहारांवर शेंकडा २ कर बसवून पैसा उभा करावा, असें त्याचें म्हणणें. आमच्यासारख्या हिशोबनिसास हा आंकडा जुळणारा नाहीं हें कागद हातीं घेतांच कळेल. पण गांवोगांव टाउनसेंड मंडळ्या निघाल्या व त्यांच्या मतांचा धाक कायदेमंडळास पडला. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं सन १९३४ सालीं मजूरखात्याच्या सचिव श्रीमती फ्रान्सिस पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजीं सोशल सिक्युरिटीचा कायदा सहीशिक्क्यानिशीं पुरा झाला.

त्याची रचना साधी होती. सन १९३७ पासून नोकराच्या पगारांतून शेंकडा १ व तितकेच मालकाकडून घ्यावयाचे. वर्षाच्या पहिल्या ३,००० डॉलर पगारावरच ही वर्गणी. वय ६५ झालें कीं नोकरास दरमहा वेतन सुरूं व्हावयाचें. मंदीच्या दिवसांत गरिबाच्या पगारावर कर कशास बसवितां, सर्वसाधारण खजिन्यांतून पैसा कां देत नाहीं, असा प्रश्न एका जाणत्यानें सन १९४१ सालीं रूझवेल्ट यांस विचारला. त्यांनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा कीं, अर्थशास्त्रदृष्ट्या तुमचें खरें असेल, पण ही वर्गणी राजकारणासाठीं आहे. ज्यानें पैसा भरला त्यास हक्काची भाषा बोलतां येते, व मग पुढचा कोणताहि राजकारणी ही योजना मोडूं शकणार नाहीं. हें उत्तर ध्यानांत ठेवावें. पुढील नव्वद वर्षांचें भांडण त्यांतच सांठविलेलें आहे. वर्गणीनें हक्क पक्का झाला हें खरें. पण वर्गणीचें सदर निराळें झालें कीं तें सदर कोणत्या सालीं रितें होणार तेंहि मोजतां येतें, आणि ती तारीख हातांत घेऊन विरोधकास भांडतां येतें.

भांडणास प्रारंभहि लगेच झाला. सन १९३६ च्या निवडणुकींत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार आल्फ लँडन यांनीं ही योजना म्हणजे मजुरांची फसवणूक असल्याचें सांगितलें, व कित्येक कारखानदारांनीं पगाराच्या पाकिटांत त्या अर्थाच्या चिठ्ठ्या घातल्या. लँडन यांस अवघीं दोन संस्थानें मिळालीं, मेन व व्हरमाँट. आणि गंमत अशी कीं, सन १९४० च्या जानेवारींत मासिक वेतनाचा पहिला धनादेश निघाला तो त्या व्हरमाँटमधील आयडा मे फुलर नांवाच्या बाईंच्या नांवें. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. बाईंनीं तीन वर्षांत वर्गणी भरली होती २४ डॉलर ७५ सेंट. त्या शंभर वर्षें जगल्या व सन १९७५ सालीं वारल्या तोंपर्यंत त्यांनीं एकंदर २२,८८८ डॉलर ९२ सेंट घेतले.

हा आंकडा वाचून मीं चष्मा काढून ठेवला व थोडा वेळ विचार करीत बसलों. पंचवीस डॉलरांवर कोणतेंहि व्याज धरलें तरी बावीस हजार होत नाहींत. मग वरची रक्कम आली कोठून ? तर मागून कामास लागलेल्या तरुणांच्या पगारांतून. म्हणजे ज्यास निधि म्हणतात तें पेंव नव्हे. पेंवांत आपण टाकलेलें धान्यच आपण काढतों. येथें पाटाचें पाणी वरून येतें तसें खालीं जातें. मधल्या हौदांत कांहीं काळ सांठतें इतकेंच. वर काम करणारे पुष्कळ व खालीं म्हातारे थोडे, तोंवर हौद भरलेला. सन १९६० सालीं वेतन घेणाऱ्या दर माणसामागें वर्गणी देणारे पांच होते. आज ते पावणेतीनहि नाहींत.

हौद मोठा करावा कीं लहान, हाहि पहिल्या दशकांतला वाद होता. मूळ कायद्याप्रमाणें सन १९८० पर्यंत सुमारे ४७ अब्ज डॉलर शिल्लक पडावयाची होती. इतका पैसा सरकारच्या हातीं पडला तर तें तो उधळील, असें सिनेटर व्हँडनबर्ग प्रभृति म्हणूं लागले. अखेर सन १९३९ सालीं विधवा, मुलें व आश्रित यांस वेतन देऊन खर्च वाढविण्यांत आला, आणि वर्गणीची चढती पायरी पुनःपुन्हां पुढें ढकलून सन १९४९ पर्यंत ती शेंकडा १ वरच ठेवण्यांत आली. वर्गणी न वाढविणें सर्वांसच गोड लागतें. त्याची किंमत पुढच्या पिढीनें द्यावयाची असते व ती पिढी मतदानास आलेली नसते.

आतां शेतकऱ्यांकडे वळूं. सन १९३५ च्या कायद्यानें शेतमजूर, घरगडी व स्वतःचा धंदा करणारे वगळले होते. रोख पगार नाहीं, हिशोबाच्या वह्या नाहींत, वसुली कशी करावी, हें सांगितलेलें कारण. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मजूर बहुतेक याच दोन वर्गांत मोडत. त्यामुळें वगळण्याचें खरें कारण कोणतें याबद्दल तेथील विद्वानांत अद्याप वाद आहे. सन १९५० सालीं कायम कामावर असणारे शेतमजूर आंत घेतले गेले, आणि सन १९५४ च्या दुरुस्तीनें खुद्द शेतकरी आंत आला. त्यास मालक नसल्यामुळें दोन्ही बाजूंची वर्गणी त्यासच भरावी लागते; आज ती निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा १२.४ होते. यांत दोन कलमें आपल्या वाचकांस मननीय वाटतील. जो जमीनदार शेत खंडानें लावून स्वस्थ बसतो त्याच्या खंडावर वर्गणी नाहीं व त्या खंडाच्या जोरावर वेतनहि नाहीं. कसण्याच्या कामांत तो खरोखर भाग घेत असेल तरच तें उत्पन्न धरलें जातें. दुसरें असें कीं, ज्या वर्षीं शेतकऱ्यास तोटा येतो त्या वर्षींहि ठराविक रकमेपर्यंत उत्पन्न झालें असें मानून वर्गणी भरण्याची त्यास मुभा आहे, म्हणजे दुष्काळाचें साल त्याच्या नोंदींत रिकामें राहात नाहीं. ज्यानें हें कलम लिहिलें त्यानें शेती पाहिलेली होती.

अपंगांचा प्रश्न याहून कठीण होता. वय जन्मनोंदीवरून ठरतें. पाठ खरोखर मोडली आहे कीं सोंग आहे, हें कशावरून ठरवावें? मंदीच्या काळांत खासगी विमा कंपन्यांनीं अपंगत्वाच्या विम्यांत जबर नुकसान सोसलें होतें, तें उदाहरण डोळ्यांपुढें होतें. डॉक्टरांच्या संघानेंहि कडवा विरोध केला. शेवटीं सन १९५६ सालीं सिनेटर वॉल्टर जॉर्ज यांची दुरुस्ती ४७ विरुद्ध ४५ अशा निसटत्या मतांनीं मंजूर झाली, व अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं १ ऑगस्टला सही केली. अटी कडक होत्या. वय ५० च्या पुढें असावें, सहा महिने वाट पाहावी, आणि केवळ स्वतःचाच धंदा नव्हे, तर कोणतेंहि बऱ्यापैकीं मिळकतीचें काम करण्यास माणूस असमर्थ असावा. वयाची अट सन १९६० सालीं गेली. कामाची अट आजहि आहे. नांगर धरतां येत नाहीं एवढ्यावर भागत नाहीं; बसून करण्याजोगें काम झेपेल काय, हें पाहिलें जातें. उतारवयाच्या अर्जदाराच्या बाबतींत त्याचें वय, शिक्षण व पूर्वीचा धंदा यांचा विचार होतो हा त्यांतला दिलासा.

विरोधकांचें समाधान व्हावें म्हणून आणखी एक गोष्ट करण्यांत आली, व माझ्या मतें सर्व कथेंत तीच मोठी. अपंगांचा निधि वार्धक्यनिधीहून अगदीं निराळा ठेवण्यांत आला. त्याची वर्गणी निराळी, शिल्लक निराळी, विश्वस्तांच्या अहवालांतील पान निराळें. अपंगांवर किती खर्च होतो हें उघडें दिसावें, व म्हाताऱ्यांच्या पैशास धक्का लागूं नये, हा हेतु.

निराळ्या सदराचा अर्थ काय होतो, तें मीं जवळून पाहिलें आहे. नोकरींत असतां निराधार अनुदानाचें टेबल तीन वर्षें मजकडे होतें. तालुक्याचें नांव देत नाहीं. एक शेतकरी येई. मळणीयंत्रांत त्याचा उजवा हात कोपरापासून गेलेला. अर्ज मंजूर होता, अपंगत्वाचा दाखला होता, यादींत नांव होतें. फक्त अनुदान आलें नव्हतें. चार महिने तो दर बाजाराच्या दिवशीं येऊन टेबलासमोर उभा राही व मी तेंच एक वाक्य सांगें. त्याच वेळीं दुसऱ्या एका सदराखालीं रक्कम शिल्लक पडली होती. ती मार्चअखेर मींच समर्पणाच्या तक्त्यांत लिहून वर पाठविली. एका सदराचा पैसा कारकुनानें दुसऱ्या सदरास लावूं नये हा नियम बरोबरच आहे; नाहींतर कचेऱ्यांचें काय होईल तें सांगावयास नको. पण त्या माणसाच्या रिकाम्या बाहीसमोर तो नियम उच्चारणें मला कधीं सोपें गेलें नाहीं. आपल्याकडे असा निधि नाहीं, त्यामुळें तो अमुक सालीं संपेल अशी तारीखहि नाहीं. मात्र पैसा दरवर्षीं नव्यानें मागावा लागतो व मधले महिने त्या माणसास मोजावे लागतात.

अमेरिकेंत सदरें बदलण्याचा अधिकार कायदेमंडळास आहे, व तें तो वेळोवेळीं वापरीत आलें आहे. सन १९७२ सालीं वेतन एकदम शेंकडा २० नें वाढवून पुढें तें महागाईशीं आपोआप जोडण्याचें ठरलें. त्या सूत्रांत महागाई दोनदां धरली जाण्याची चूक राहिली व निधि झपाट्यानें आटूं लागला. सन १९७७ सालीं सूत्र दुरुस्त केलें, वर्गणी वाढविली, तरी पुरलें नाहीं. अध्यक्ष रेगन यांनीं सन १९८१ च्या मे महिन्यांत लौकर निवृत्त होणाऱ्यांचें वेतन बरेंच कापण्याची सूचना करतांच सिनेटनें ९६ विरुद्ध शून्य मतांनीं ती नापसंत केली. म्हाताऱ्यांच्या सदरास हात लावण्याचें धाडस त्यांच्या स्वतःच्या पक्षासहि झालें नाहीं.

अपंगांचे बाबतींत मात्र तें झालें. सन १९८० च्या कायद्यानें यादींतील लोकांची फेरतपासणी ठरविली होती. ती सन १९८१ पासून धडाक्यानें सुरूं झाली. तीन वर्षांत जवळजवळ पांच लक्ष लोकांस 'तुम्ही काम करण्यास समर्थ आहां' असें कळवून त्यांचें वेतन बंद करण्याचे हुकूम निघाले. कित्येकांस प्रत्यक्ष न पाहतां कागदांवरून निकाल दिले गेले. वेडाच्या विकारानें पीडित असलेल्यांस नोटिशीचा अर्थहि कळत नव्हता. सुमारे दोन लक्ष माणसें अपिलांत परत यादींत आलीं, म्हणजे पहिला निकाल किती घिसाडघाईचा होता तें दिसतें. न्यायालयांनीं ताशेरे ओढले, कित्येक राज्यांच्या गव्हर्नरांनीं ते हुकूम बजावण्याचें नाकारलें, आणि सन १९८४ सालीं दोन्ही सभागृहांत एकहि विरुद्ध मत न पडतां कायदा झाला कीं, प्रकृति सुधारल्याचा पुरावा असल्याशिवाय कोणाचें वेतन बंद करूं नये. यादी तपासूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. मीं स्वतः खोट्या दाखल्यांचीं प्रकरणें पाहिलीं आहेत. पण खर्च किती कमी करावयाचा तें आधीं ठरवून मग तपासणीस बसलें म्हणजे तपासणी ही तपासणी राहात नाहीं.

इकडे सन १९८२ च्या अखेरीस वार्धक्यनिधि इतका रोडावला कीं महिन्याचे धनादेश निघण्यासाठीं त्यास उसनवार करावी लागली. साडेसतरा अब्ज डॉलर उसने घेतले. पैकीं सुमारे पांच अब्ज अपंगांच्या निधींतून व बाकीचे रुग्णालयखर्चाच्या निधींतून. सन १९८६ पर्यंत तें सर्व फेडलें गेलें हें नमूद केलें पाहिजे. ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें दोन्ही पक्षांस एका कागदावर आणलें, व सन १९८३ च्या एप्रिलांत मोठी दुरुस्ती झाली. वर्गणीवाढ अलीकडे ओढली. महागाईभत्ता सहा महिने पुढें ढकलला. सुस्थितींतील वृद्धांच्या वेतनाच्या कांहीं भागावर आयकर बसवून तो निधींत जमा करण्याचें ठरलें. नव्या केंद्रीय नोकरांस वर्गणीदार केलें. आणि पूर्ण वेतनाचें वय ६५ वरून हळूहळू ६७ करण्याचें ठरलें. सन १९६० सालीं वा नंतर जन्मलेल्यांस तें ६७ लागू होतें. प्रत्येकानें थोडें थोडें सोसलें म्हणून तें निभावलें.

परंतु वय वाढविल्याचा एक परिणाम लोकांच्या ध्यानांत उशिरां आला. अपंगवेतन घेणारा मनुष्य पूर्ण वयास पोंचला कीं त्याचें नांव वार्धक्यनिधींत जातें. वय वाढलें तशीं तीं नांवें अपंगांच्या निधींत अधिक दिवस राहूं लागलीं. त्यांत महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी पन्नाशींत शिरली, व नोकरींत आलेल्या स्त्रिया वर्गणीदार झाल्यामुळें अपंगवेतनास पात्र झाल्या. तेव्हां अपंगांची संख्या वाढत गेली तींत आळशी लोकांचा भरणा आहे असें जें व्याख्यानांतून सांगण्यांत येई, त्यापेक्षां पिढीचें व कायद्याचें गणितच अधिक होतें. सन १९९४ सालीं कायदेमंडळानें वर्गणीचा थोडा भाग वार्धक्याच्या सदरांतून अपंगांच्या सदरास वळता केला, आणि हें सन २०१६ पर्यंत पुरेल असें पुढील वर्षीं गणित्यांनीं सांगितलें. वीस वर्षें आधीं केलेलें तें भाकीत तंतोतंत उतरूं लागलें.

म्हणून सन २०१५ चें भांडण हें आकस्मिक संकट नव्हे. तारीख ठाऊक असलेलें तें संकट होतें. शेंकडा १२.४ वर्गणीपैकीं अपंगांकडे १.८ व वार्धक्याकडे १०.६ जात होती. पूर्वीप्रमाणें थोडी वळती केली कीं काम झालें असतें. पण त्या वर्षीं ६ जानेवारीस प्रतिनिधिगृहांत बहुमतांत असलेल्या रिपब्लिकन पक्षानें नियम केला कीं, दोन्ही निधि मिळून स्थिति सुधारत असल्याशिवाय अशी वळती घेतां येणार नाहीं. म्हाताऱ्यांचा पैसा लुटूं देणार नाहीं, असें ते म्हणत. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, अपंगांस ओलीस धरून सर्वांचें वेतन कापण्याचा हा डाव आहे. कांहीं न केल्यास सन २०१६ च्या अखेरीस अपंगवेतन सुमारें शेंकडा १९ नें आपोआप खालीं आलें असतें. कुटुंबीय धरून एक कोटीहून अधिक माणसांचा तो प्रश्न होता. अखेर नोव्हेंबरांत अंदाजपत्रकाच्या तडजोडींत, अर्जांच्या तपासणीचे कांहीं नियम कडक करून, तीन वर्षांपुरते शेंकडा ०.५७ अपंगांकडे वळविण्यांत आले. इतक्या थोड्या अपूर्णांकासाठीं जवळजवळ दहा महिने गेले.

पुढें जें घडलें तें दोन्ही पक्षांनीं भाकीत केलें नव्हतें. सन २०१४ पासून अपंगवेतन घेणाऱ्यांची संख्या कमी होत चालली. ती मोठी पिढी वार्धक्यनिधींत गेली व नवे अर्ज घटले. सन २०२५ च्या विश्वस्तांच्या अहवालांत अपंगांचा निधि ७५ वर्षें पुरेल असें म्हटलें आहे. उलट वार्धक्यनिधि सन २०३३ सालीं संपेल, आणि त्यानंतर येणाऱ्या वर्गणींतून ठरलेल्या वेतनाचे शेंकडा ७७ च देतां येतील. निवृत्त नोकराचें सरासरी मासिक वेतन सन २०२५ च्या प्रारंभीं सुमारे १,९७६ डॉलर होतें. त्यांतून साधारण ४५० डॉलर जातील. निधि संपल्यावर खजिन्यांतून भर घालण्याचा अधिकार कायद्यानें कोणास दिलेला नाहीं. त्यामुळें आतां अपंगांच्या शिल्लकेवर म्हाताऱ्यांचे कैवारी नजर ठेवून आहेत. दोन्ही हौद एक केले तर सन २०३४ पर्यंत पुरतील, म्हणजे मिळणार फार तर एक वर्ष. सन २०१५ सालीं वळती म्हणजे लूट असें ज्यांचें म्हणणें होतें, ते त्या दिवशीं काय म्हणतात तें पाहण्यासारखें होईल.

उपाय कोणालाहि ठाऊक नाहींत असें नाहीं. वर्गणी वाढवितां येईल. तिचा भार तरुण मजुरावर व त्याच्या मालकावर. वर्गणीची कमाल मर्यादा, जी सन २०२५ सालीं १,७६,१०० डॉलर होती, ती उठवितां येईल. तिचा भार श्रीमंतांवर. तीवरील पगारास आज वर्गणीच नाहीं, व वरच्यांचे पगार भराभर वाढल्यामुळें सन १९८३ च्या सुमारास देशांतील शंभरांपैकीं नव्वद डॉलर पगार वर्गणीखालीं येत, ते आतां त्र्याऐंशीच्या आसपास आले आहेत. निवृत्तीचें वय आणखी वाढवितां येईल. तें टेबलावर बसणाऱ्यास जड नाहीं, पण कापणीच्या मजुराच्या गुडघ्यांस विचारावें. सन २००५ सालीं अध्यक्ष बुश यांनीं वर्गणीचा कांहीं भाग प्रत्येकाच्या खासगी खात्यांत घालण्याची योजना मांडली. तींत अडचण अशी कीं, तरुणाचा पैसा त्याच्या खात्यांत गेला तर आजच्या म्हाताऱ्यास कोठून द्यावयाचें ? पाट एकच आहे. ती योजना मतास सुद्धां आली नाहीं. मला विचारल्यास कमाल मर्यादा वर नेणें व वर्गणी अगदीं थोडी वाढविणें यांतच शहाणपण आहे, आणि तें जितकें लौकर होईल तितकें हलकें पडेल. पण सन २०२५ सालीं तरी कायदे उलट दिशेनें झाले. जानेवारींत अध्यक्ष बायडन यांच्या सहीनें कांहीं सरकारी नोकरांवरील कपात उठवून खर्च वाढविण्यांत आला. जुलैंत अध्यक्ष ट्रंप यांच्या सहीनें वृद्धांस आयकरांत नवी सूट मिळाली व निधींत येणारा कर तितका कमी झाला. दोन निरनिराळ्या पक्षांचे अध्यक्ष, पण दोघांच्याहि हातून हौदाची पातळी खालींच गेली.

आतां भाच्याच्या प्रश्नाचें उत्तर. त्याची कपात आज एखाद्या अमेरिकन म्हाताऱ्याच्या घरीं जात आहे. त्यास स्वतःस वार्धक्यवेतन हवें असेल तर ४० गुण लागतात. वर्षास जास्तींत जास्त ४ मिळतात, म्हणजे दहा वर्षें. त्याचीं सहा झालीं. कित्येक देशांशीं अमेरिकेचे करार आहेत, त्यामुळें दोन्हीकडचीं वर्षें एकत्र धरतां येतात. हिंदुस्थानाशीं तसा करार हें लिहीपर्यंत तरी झालेला नाहीं, आपल्या सरकारची मागणी जुनी असली तरी. चार वर्षांच्या आंत तो परत आला तर वार्धक्याच्या सदराखालीं भरलेलें त्यास मिळावयाचें नाहीं. मात्र एक गोष्ट त्यास ठाऊक नव्हती. अपंगवेतनासाठीं त्याच्या वयास मागील दहा वर्षांतले २० गुण पुरतात व ते त्याचे केव्हांच झाले आहेत. म्हणजे तिकडे कामावर असतां कांहीं बरेंवाईट झालें तर त्याचा हक्क आज उभा आहे. हें सर्व मीं त्यास पत्रानें कळविलें आहे, आणि दर सालचें पगारपत्रक व निधीकडील गुणांचा उतारा एका फायलींत लावून ठेवण्यास सांगितलें आहे.